पाच म्हणजे पाच

अण्णांच्या घरात भिंतीवरची, कपाटावरची आणि स्वयंपाकघरातली धरून इतकी घड्याळं होती, की त्यातलं एखादं बंद पडलं तर आठवडाभर कुणाच्या लक्षात येऊ नये. अण्णांचा धंदाच घड्याळदुरुस्तीचा. तरीही त्या घरात खरे किती वाजलेत, हे छातीठोकपणे सांगेल असा एक माणूस नव्हता.

याला कारण अण्णाच. ते जिथे जायचे तिथे उशिराच पोचायचे. आळशी म्हणाल तर मुळीच नाहीत. पण एकदा घड्याळाचं पोट उघडलं, की ते तसंच टाकून उठणं त्यांच्या हातून व्हायचं नाही. "दोन मिनिटं," असं म्हणून ते डोळ्याला भिंग लावायचे, आणि मग ती दोन मिनिटं कुठल्या कुठे जायची ते त्यांनाही सांगता यायचं नाही. स्वतःच्या लग्नाला ते पोचले तेव्हा पाहुणे जेवून हात पुसत होते. "सगळे वेळेवर आले होते," माई सांगायची, "एक नवरा तेवढा राहिला होता."

मग माईने तोड काढली. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ तिने अर्धा तास पुढे केलं. अण्णा घड्याळवाले, त्यांना ते त्याच संध्याकाळी कळलं. ते मनातल्या मनात अर्धा तास वजा करू लागले. वजाबाकी चाललीय हे माईला कळल्यावर तिने घड्याळ आणखी पुढे ढकललं. अण्णांनी आणखी वजा केलं. थोरला मुलगा छापखान्यात कामाला होता. भाचीच्या लग्नाची एक पत्रिका त्याने खास अण्णांसाठी वेगळी छापली, वेळ बरीच अलीकडची घालून. पुढे ते बिंग फुटलं, आणि अण्णांचा छापील अक्षरावरचाही विश्वास उडाला. सूनबाई सरळ घरातली. पहिलं वर्षभर बिचारी खरी वेळ सांगायची, आणि त्यापायी तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात सगळं सासर उशिरा पोचलं. त्यानंतर तीही शिकली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.

तर अशा घरातली धाकटी लेक एके दिवशी दुकानात आली.

दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, त्यामागे अण्णा, आणि गिऱ्हाइकाने बसायचं म्हटलं तर एक स्टूल. धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायची, आणि संध्याकाळी एका गायनसमूहात जाऊन स्वतः आ करायची. हे तिचंच म्हणणं.

"अण्णा, भिंग काढा. डोळ्यात बघून बोलायचंय."

"दोन मिनिटं."

"नाही. आत्ता."

अण्णांनी भिंग काढलं. भिंगामागचा मोठा डोळा पुन्हा माणसाएवढा झाला.

"रविवारी आमच्या समूहाचा कार्यक्रम आहे. सुरुवातीच्या चार ओळी मी एकटीने म्हणायच्या. साथीला वाद्य नाही, काही नाही. नुसता गळा."

"एकटीने? आणि बाकीचे?"

"बाकीचे नंतर येतात."

"हां. म्हणजे आहेत तिथेही माझ्यासारखे."

"गाण्यात नंतर येतात, अण्णा. माणसं आधीपासून उभी असतात." ती स्टुलावर बसली. "आता नीट ऐका. पाच वाजता दार बंद होतं. एकदा बंद झालं की पहिलं गाणं संपेपर्यंत कुणालाही आत घेत नाहीत. कितीही मोठा माणूस असो, बाहेर उभा. कारण दार वाजलं की माझा सूर जातो. तालमीत गेलाय. मास्तर ओरडतात, दाराकडे बघू नकोस म्हणून. पण मी काय करू, मान आपोआप तिकडे वळते. लहानपणापासूनची सवय."

ती हसत म्हणाली, पण अण्णांच्या हातातला चिमटा थांबला. लहानपणापासूनची म्हणजे कधीपासूनची, ते त्यांना ठाऊक होतं. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती. अण्णा पोचले तेव्हा खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं, आणि ती अंगावरच्या पुठ्ठ्याच्या पानांसकट पायरीवर बसली होती. रडत नव्हती. "अण्णा, मी छान उभी राहिले," एवढंच म्हणाली होती.

"मग मास्तर म्हणाले, एक खुर्ची ठरव आणि तिच्याकडे बघून म्हण," धाकटी सांगत होती. "मी ठरवली. तिसरी रांग, मधल्या वाटेला लागून. ती तुमची."

"माईला दे ना. ती वेळेवर असते."

"माई येणारच. जी येणारच, तिच्यासाठी माझी मान कशाला वळेल?"

तिने टेबलावर तिकीट ठेवलं. त्यावर पाच छापलं होतं. अण्णांनी ते उलटून पालटून बघितलं, शाईवरून अंगठा फिरवला.

"हे थोरल्याच्या छापखान्यातलं नाही ना?"

"अण्णा."

"विचारलं आपलं."

"पाच म्हणजे पाच. यात मी काही मिसळलेलं नाही. आणि उशीर झालाच तर मधूनच आत येऊ नका. बाहेर थांबा. मी खुर्ची बघेन, रिकामी असली तर... असली तर बघू काय ते." आणि ती दवाखान्यात निघून गेली.

घरी आल्यावर माई म्हणाली, "रविवारी चार वाजता कार्यक्रम आहे." थोरला म्हणाला, "चार कुठले, साडेतीन." सूनबाई पोळपाट पुसता पुसता अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हणाली, "मी तर तीन ऐकलं होतं."

अण्णा कोड्यात पडले. धाकटीही याच घरात वाढलेली. तिने मिसळलं असेल तर खरी वेळ सहा. नसेल मिसळलं तर पाच. आणि 'मिसळलं नाही' हे शब्द तर मिसळणारा माणूसही म्हणतो. रात्री जेवतानाही ते आकडे मांडत राहिले. शेवटी धंद्यातली अक्कल कामी आली. दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवू लागली, तर आपण त्यांना विचारत बसतो का? बाहेर विचारतो. रेडिओला विचारतो. तसं इथेही घराबाहेरच्या माणसाला विचारलं पाहिजे. सभागृहातच जाऊन विचारलं पाहिजे. आणि एकदा तिथे पोचलं की तिथून हलायचंच नाही, कारण वाटेत कुठे एखादं बंद घड्याळ भेटेल, काही नेम नाही.

रविवारी सकाळचा चहा झाल्याबरोबर त्यांनी इस्त्रीचा शर्ट पिशवीत घातला, अंगात जुना कोट चढवला आणि "दुकानात जाऊन येतो" म्हणून निघाले. घरातले सगळे त्यांना वेळ खोटी सांगत आले होते. अण्णांनी जागा खोटी सांगितली.

सभागृहाच्या दारावर एक बाई होत्या. धिप्पाड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात काच पुसायचं फडकं.

"कार्यक्रम किती वाजता?" अण्णांनी विचारलं.

"पाच."

"खरं सांगा."

"म्हणजे?"

"आमच्या घरून कुणी फोन केला होता का तुम्हाला?"

या माणसाला पाणी द्यावं की चौकीदाराला हाक मारावी, अशा नजरेने बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अण्णांनी सगळं सांगितलं. घड्याळं, वजाबाकी, पत्रिका, खुर्ची. बाई इतक्या हसल्या की किल्ल्या वाजायला लागल्या.

"आमचेही असलेच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी वेळ सांगायच्या भानगडीतच पडत नाही. आपली पुढे निघून जाते. बसा त्या बाकावर. पण पाचपर्यंत करणार काय?"

"बसणार."

बसले खरे, पण बाकाच्या समोरच, लॉबीच्या भिंतीवर, ताटाएवढं गोल घड्याळ होतं. बंद. अण्णांच्या कोटाच्या खिशात भिंग आणि बारीक स्क्रूड्रायव्हर कायमचे मुक्कामाला असत. बोटं आपोआप खिशाकडे गेली.

"हे कधीपासून बंद आहे?"

"मी लागले तेव्हापासून. आत शिडी आहे, पण बघणार कोण? तुम्हाला जमतं?"

"दोन—" म्हणून अण्णांनी जीभ चावली. समोर घड्याळ होतं, शिडी होती, अख्खा दिवस मोकळा होता. आणि नेमकी हीच त्यांची खड्ड्यात पडायची जागा होती. "जमतं," ते म्हणाले. "पण आज कार्यक्रमाआधी नाही." घड्याळाच्या बाबतीत असलं वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघालं. मग ते उठले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळाकडे पाठ करून बसले.

दुपारी गाणारी मंडळी तालमीला आली, तेव्हा अण्णा खांबाआड झाले. धाकटी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून गेली. "आत बसून ऐका की," बाई म्हणाल्या. "तालमीला कुणाची ना नसते."

"नको. तिने मला खुर्चीतच बघायला हवं. इथे दिसलो तर तिला वाटेल, हे तालीम ऐकूनच निघाले घरी."

बाईंना ते पटलं असावं. त्यांनी आपल्या डब्यातली बिस्किटं पुढे केली, चहा दिला. चहा घेता घेता अण्णा म्हणाले, "आता तिथे वागायचं कसं ते सांगून ठेवा. मी आजवर कार्यक्रमांचा नुसता शेवट बघितलाय. सुरुवातीला माणसं काय करतात, मला कल्पना नाही."

बाईंना असा विद्यार्थी कधी मिळाला नसावा. त्या फडकं खांद्यावर टाकून सरसावल्या.

"पहिलं म्हणजे, रांगेत शिरताना बसलेल्या माणसांकडे तोंड करून शिरायचं. आपली पाठ दाखवायची नाही. दाखवतात, आणि नुसती पाठ दाखवून थांबत नाहीत."

"कळलं."

"खोकला आला तर रुमालात. गोळी चघळायची असेल तर कागद घरूनच काढून आणायचा. काही शहाणे आवाज होऊ नये म्हणून कागद हळूहळू उघडतात. पाच मिनिटं कुरकुर कुरकुर. त्यापेक्षा एकदाच काय तो फाडा म्हणावं."

अण्णांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. तिथल्या तिथे त्यांनी त्या सोलल्या आणि स्वच्छ रुमालात बांधल्या.

"टाळ्या?"

"मास्तरांचे हात बघायचे. हात वर आहेत तोवर गाणं संपलेलं नाही, मग कितीही शांत होऊ दे. तेवढ्यात टाळी वाजवणारा एक तरी निघतोच. आणि फोन बंद. थरथरीवरही नको, लाकडी खुर्चीत तो म्हशीसारखा घुरघुरतो."

अण्णांनी लगेच फोन काढला आणि बंद करून टाकला. कार्यक्रमाला अजून बराच अवकाश होता, पण नियम म्हणजे नियम.

त्यामुळे घरी काय झालं, ते अण्णांना पुढे कळलं. आपण ते इथेच सांगून मोकळं होऊ. माईने दुपारपासून फोन लावायला सुरुवात केली, तो बंद. थोरला दुकानावर गेला, तर दुकानाला कुलूप, आणि शेजारचा चपलावाला म्हणाला, "आज आलेच नाहीत." मग सगळ्यांचं धाबं दणाणलं. सूनबाई बागेत बघून आली. थोरल्याने ओळखीच्या गिऱ्हाइकांची दारं वाजवली. माई अर्धी साडी नेसलेली, एका हातात फोन. "कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले असतील," ती म्हणत होती, "पण त्यांना घेतल्याशिवाय मी जायची नाही. आज पोरीला ती खुर्ची रिकामी दिसता कामा नये." म्हणजे ज्या माणसाला वेळेवर न्यायचं, तो कधीचा तिथे बसलेला, आणि वेळेवर जाणारी माणसं त्याला शोधत गावभर फिरतायत.

सभागृहाचं दार उघडल्यावर पहिलं पाऊल अण्णांचं पडलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते तिसऱ्या रांगेत, वाटेकडेच्या खुर्चीत बसले. खुर्ची बरी होती. समोर रिकामा मंच, मागे हळूहळू माणसं येत होती, कुजबुजत होती, बाया एकमेकींच्या साड्या बघत होत्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीही इतकं काही चालतं, हे अण्णांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं आपण निम्मी मजा बुडवली, असं त्यांना वाटलं.

"या तीन खुर्च्या कुणाच्या आहेत का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"आहेत. येतीलच," अण्णा म्हणाले. "वेळेची फार पक्की माणसं आहेत."

पण माणसं येईनात. सभागृह भरत आलं. अण्णांची मान वळली. दारातून कुणीतरी आलं, माई नव्हती. अण्णा पुढे बघू लागले. पुन्हा मान वळली. थोरला नव्हता. काय झालं असेल? कुणाला बरं नाही का? वाटेत काही? फोन लावावा तर दारात बाई उभ्या, आणि नियम त्यांनीच शिकवलेले. परत मान वळली. आपण वळवायची नाही असं ठरवलं तरी ती वळत होती, जशी काही तिला वेगळी किल्ली दिलेली असावी.

आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की हे असं असतं तर. वाट बघणं म्हणतात ते हे. त्यांनी आजवर लोकांना ते पोतीच्या पोती दिलं होतं. स्वतः चवीपुरतंही घेतलं नव्हतं.

दिवे मंद झाले. बाईंनी दार लावून घेतलं. तीन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

समूह मंचावर आला. धाकटी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आधी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. मग जणू धीर करून तिने तिसऱ्या रांगेकडे नजर वळवली, आणि खुर्चीत अण्णा. इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे ताठ. तिने पापण्या मिटून उघडल्या. अण्णा तिथेच. मग तिला शेजारच्या तीन रिकाम्या खुर्च्या दिसल्या. तिने अण्णांकडे बघून भुवया उंचावल्या. अण्णांनी तळहात किंचित वर केले: मला काय माहीत, मी तर केव्हाचा आलोय.

तिला हसू आवरेना. खांदे हलले, ओठ घट्ट मिटले गेले, आणि त्या हसण्याबरोबर चेहऱ्यावरचा पांढरेपणा गेला तो गेलाच. मास्तरांचे हात वर झाले.

मग ती गायली. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने जागेवर ठेवताना अण्णा श्वास धरायचे, कारण ती कशालाही न टेकता, नुसती थरथरत उभी राहायला हवी असते. तो सूर तसाच उभा राहिला. कशाला टेकला नाही. चार ओळींत तिने एकदाही दाराकडे बघितलं नाही. चौथी ओळ संपली आणि सगळीकडे शांत झालं. अण्णांचे दोन्ही हात वर उठले, टाळीच्या बेतात. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचे हात वरच होते. अण्णांनी उजव्या हाताने डावा हात पकडला आणि मांडीत दाबून धरला, तोवर मागचा समूह त्या शांततेत उतरला आणि गाणं भरून वाहू लागलं.

सभागृहाला दोन दारं होती, एक बाहेरचं आणि एक आतलं, मधे कपाटाएवढी अंधारी जागा. धापा टाकत आलेल्या माई, थोरला आणि सूनबाईला बाईंनी बाहेरच्या दारातून घेऊन तिथे उभं केलं होतं, तोंडावर बोट ठेवून. तिथून सगळं ऐकू येत होतं. माईने सूनबाईचं मनगट घट्ट धरलं. "तिकडे खुर्ची रिकामी," ती कुजबुजली, "आणि तरी बघ कशी गातेय पोर." आतल्या दाराला वाटीएवढी गोल काच होती. थोरल्याने तिला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"माई, तिसऱ्या रांगेत ते टक्कल कुणाचं?"

पहिलं गाणं संपलं, मास्तरांचे हात खाली आले, टाळ्या झाल्या. त्या गडबडीत तिघांना आत सोडलं. माई खुर्चीवर टेकली.

"कुठे होतात?"

"इथेच."

"फोन?"

"बंद. नियम आहे." अण्णांनी तिच्याकडे वळून बघितलं. जन्मभर ऐकलेलं एक वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यांनी पेपरमिंटसारखं घोळवून मग सोडलं. "इतका उशीर?"

माईने जी नजर टाकली, तिच्यात घरी गेल्यावरचा सगळा कार्यक्रम छापलेला होता. रागारागाने तिने पर्समधून गोळी काढली आणि कागद उकलायला घेतला. अण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला, रुमाल उघडला आणि तिच्या तळहातावर एक गोळी ठेवली.

"सोललेली आहे," ते म्हणाले. "आणि आता गप्प. हात वर झालेत."

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. धाकटी लॉबीत धावत आली आणि अण्णांसमोर येऊन थांबली.

"छान उभी राहिलीस," अण्णा म्हणाले.

तिला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि इस्त्रीच्या शर्टाची काही धडगत राहिली नाही.

"गायलीसही बरी," अण्णांनी तिच्या डोक्यावरून सांगितलं.

दारावरच्या बाई शिडी घेऊन उभ्याच होत्या. अण्णांनी खिशातून भिंग काढलं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

थोरल्याने कपाळावर हात मारला. माईने चपला काढल्या आणि बाकावर मांडी ठोकून बसली. तिला ही दोन मिनिटं ठाऊक होती. सूनबाई तिच्याजवळ सरकली. धाकटी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, कार्यक्रमाच्या कपड्यांसकट, आणि अण्णांनी वरून दिलेले बारीक स्क्रू तळहातावर झेलू लागली. आतली धूळ निघाली, काहीतरी फुंकलं गेलं, काहीतरी दाबलं गेलं, आणि किती वेळाने कोण जाणे, पण त्या ताटाएवढ्या घड्याळाने पहिलं टक् केलं. बाईंच्या किल्ल्या पुन्हा वाजल्या.

"किती वाजले?" अण्णांनी शिडीवरून विचारलं. "लावायला हवं."

माईने मनगट वर केलं. सवयीने अर्धा तास मिसळायला तोंड उघडलं. मग मिटलं. आणि घड्याळात जेवढे वाजले होते तेवढेच सांगितले.

अण्णांनी काटे नेमके तिथे नेऊन ठेवले. काही वजा केलं नाही.